अमेरातच्या घरातला विस्तव

मस्कतमध्ये थंडी येते ती एक आवाज बंद होऊन. वर्षातले बहुतेक महिने घरात एसीची घरघर असते आणि तिच्या वरच्या पट्टीत बोलायची माणसांना सवय झालेली असते. डिसेंबरच्या सुरुवातीला कधीतरी कुणीतरी बटण बंद करतं आणि ते पुन्हा चालू करायचं कुणाच्या लक्षात येत नाही. घर गप्प होतं. शेजारच्या फ्लॅटमधल्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. खाली रस्त्यावर चढण घेणाऱ्या ट्रकांचे गिअर ऐकू येतात. खिडकी उघडली की कोरडा, तापून निवलेल्या दगडाचा वास असलेला वारा आत येतो.

परवा त्या वाऱ्यात लाकूड जळल्याचा वास होता. कुणीतरी गच्चीवर मांस भाजत असावं. लाकूड समरचं होतं. समर म्हणजे इथली रानटी बाभूळ. तिचा धूर किंचित गोडसर असतो आणि पडद्यांत बराच काळ राहतो. फ्रान्सिस, माझा नवरा, वर्तमानपत्र वाचत बसला होता. त्याने मान वर केली, वास घेतला आणि विचारलं, "खिडकी लावू?"

"असू दे," मी म्हटलं.

आम्ही वादी अदाईत राहतो. इथून डोंगराच्या फटीतून गेलेला रस्ता पलीकडे अल अमेरातला उतरतो. दोन हजारचं दशक संपत आलं आहे आणि आता तिकडे दुकानं, दवाखाने, चार-चार मजल्यांच्या इमारती झाल्या आहेत. नव्वदच्या दशकात आम्ही तिथे राहायचो तेव्हा घराच्या मागे थेट डोंगर होता आणि डोंगरावरून शेळ्या उतरून कचऱ्याच्या डब्यात तोंड घालायच्या. पाऊस झाला की वादीला, म्हणजे एरवी कोरड्या असलेल्या नदीच्या पात्राला, पाणी यायचं, रस्ता बंद व्हायचा आणि ऑफिसला फोन करून सांगावं लागायचं. मी मस्कतच्या रूवी भागातल्या एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक होते. तिकडचा वृत्तसंपादक म्हणायचा, "रीटा, आज तू स्वतःच बातमी आहेस."

ते घर बैठं होतं. दोन खोल्या, मोठा हॉल, मागे अंगण, अंगणात लिंबाचं झाड. फाटकाला लागून एक वेगळी खोली होती. त्या खोलीत इनास राहायचा.

इनास फ्रान्सिसच्या गावचा, वसईचा. दोघं एकाच चर्चच्या शाळेत शिकलेले. इनास आधी मस्कतला आला, एसीचे डक्ट, म्हणजे थंड हवा नेणारे पत्र्याचे पाइप, बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये लागला आणि पुढे फोरमन झाला. फ्रान्सिसला एका हॉटेलच्या किचन स्टोअरमध्ये नोकरी त्यानेच मिळवून दिली. घरही त्याच्या अर्बाबचं, म्हणजे वर्कशॉपच्या ओमानी मालकाचं. भाड्याचा कागद नव्हता, शब्द होता. इनासची बायको फिलोमिना गावी होती. तो जेवायला आमच्याकडे असायचा. आमची मुलगी अनिता त्याच्या मांडीवर बसून बाप्तिस्मा घेतलेली. तो तिचा धर्मपिता होता. जेवताना तो दर काही दिवसांनी एकच वाक्य बोलायचा: "फिलू आली की मी वादी अदाईला फ्लॅट बघतो, वहिनी. हे घर तुमचं."

मला ते घर हवं होतं. हे सरळ लिहायला हवं, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. मुंबईत लग्नाआधी आणि लग्नानंतर मी दुसऱ्यांच्या घरांतल्या अर्ध्या खोल्यांत राहिले. अमेरातच्या अंगणात संध्याकाळी पाणी मारलं की मातीतून जो वाफेचा वास यायचा, तो मी माझा समजत होते. लिंबाला आळं मी केलं होतं. पडदे मी शिवले होते.

हॉलमध्ये एक फायरप्लेस होतं, नुसतं नावाचं. अर्बाबच्या भावाने ते कुठल्याशा परदेशी घराचा फोटो बघून बांधून घेतलं होतं: संगमरवरी चौकट, वर फळी, आत काळोखी पोकळी. चिमणी गच्चीपर्यंत गेली होती, पण तिच्या तोंडावर गवंड्याने सिमेंटची लादी बसवून ती बुजवून टाकली होती. मस्कतमध्ये आग कोण लावणार? आम्ही त्या पोकळीत दर ख्रिसमसला येशूच्या जन्माचा गोठा मांडायचो. खजुराच्या झावळ्यांचं छप्पर, वाळूची जमीन, वसईहून आणलेल्या मातीच्या मेंढ्या. एका मेंढीचा पाय तुटला होता, म्हणून ती कायम बसलेली.

एका वर्षी, नोव्हेंबर संपताना, इनासने पिकअपमधून एक लोखंडी पेटी आणली. एक इंग्रज साहेब बंगला सोडून मायदेशी गेला होता. तिथले डक्ट काढायला इनासची माणसं गेली, तेव्हा ती मिळाली. फायरप्लेसच्या पोकळीत बसवायची पेटी, पुढे जाड काचेचं दार, खाली हवा कमी-जास्त करायची दांडी. आत लाकूड जळतं, काचेतून दिसतं, धूर पाइपातून वर जातो. चार माणसांनी ती पाइपांवरून ढकलत हॉलमध्ये आणली तेव्हा अनिता ओरडली, "मम्मा, अंकल ब्रिंग केला टीव्ही!"

"टीव्हीच समज," इनास म्हणाला. "एकच चॅनल. पण कधी बंद पडणार नाही."

"इथे किती थंडी पडते, इनासभाऊ?" मी विचारलं.

"थंडीचं नाही, वहिनी. घराला ऊब पाहिजे."

पुढचे काही शुक्रवार तो त्या पेटीत गुंतलेला होता. गच्चीवर चढून त्याने लादी फोडली. वर्कशॉपमधून गॅल्व्हनाइज्ड पत्रा आणून त्याचा पाइप वळला, तुकड्या-तुकड्याने चिमणीत सोडला. प्रत्येक सांध्याला चंदेरी टेप गुंडाळली, बाहेरून ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंचा कापूस, लावलं. सगळं एसीच्या डक्टसारखं, नेटकं, चमकणारं. मी खालून टॉर्च धरून उभी असायची. पोकळीतून त्याचा आवाज यायचा, "फ्रान्सू, जरा डावीकडे! तुझ्या डावीकडे नाही रे, देवाच्या डावीकडे!" फ्रान्सिस हसायचा. त्या दिवसांत तो फार हसत होता, हे मला नंतर आठवलं.

पेटीसमोर जमिनीवर ठिणगी पडली तर जळू नये म्हणून फरशी हवी होती. फ्रान्सिस मला रूवीला घेऊन गेला. "तूच निवड," तो म्हणाला. मी गडद हिरव्या फरशा निवडल्या, वसईतल्या केळीच्या पानासारख्या. इनासने त्या बसवल्या आणि ओल्या कपड्याने पुसत म्हणाला, "वाह वहिनी. बाईची नजर हवीच घराला." बसवताना फळीची उंची किती ठेवू, दार कुठल्या बाजूला उघडू, सगळं तो मला विचारत होता. मीही सांगत होते. घरात मला इतकं कुणी, कधी विचारलं नव्हतं.

अर्बाब एका सकाळी इब्राहून येताना लाकडं टाकून गेला. तिकडे त्याचं मूळ गाव. डिशडाशाच्या, म्हणजे पायघोळ ओमानी झग्याच्या, बाह्या दुमडून त्याने स्वतः मोळ्या उतरवल्या. समरचे काटे इतके कठीण की एक माझ्या चपलेतून आरपार आला. मी लाकडं भिंतीला लावून रचली, जाड वेगळी, बारीक वेगळी. अर्बाब चहा पिता-पिता इनासला म्हणाला, "फैमिली कब आता? आग तो तैयार है."

"इन्शाल्ला, इसी महीने," इनास म्हणाला.

पेटी तयार झाली, पण पेटत नव्हती. आधी सिमेंट सुकायचं होतं. ते सुकलं, तर चिमणीवरची टोपी बनायची होती. टोपीही बसली. मग एका जेवणात इनास म्हणाला, "फिलू येतेय व्हिजिटवर. ती आल्यावरच पेटवू या." बातमीच्या कामात मी हे शिकले होते: एकाच उशिराची तीन कारणं कुणी दिली, तर तिन्ही बाजूला ठेवून चौथं शोधायचं. ही गोष्ट ऑफिसातून घरी आणायची माझ्या कधी डोक्यात आली नाही. मला वाटलं, बायकोला दाखवायची हौस आहे. मी फाटकाजवळच्या त्याच्या खोलीत धुतलेली चादर घातली. त्या वर्षी गोठा फ्रिजवर मांडला. बसलेली मेंढी घसरून दोनदा खाली पडली.

फिलोमिना आली. गोल चेहऱ्याची, मोठ्याने हसणारी, सामानात सुकेळी, सुके बोंबील आणि अनितासाठी फ्रॉक. आल्या दिवसापासून माझ्या हाताखाली काम करायला लागली. मी नको म्हटलं तरी भांडी घासून ठेवायची. मला ती आवडली. अजूनही आवडते.

ख्रिसमसच्या आदल्या शुक्रवारी, दिवस मावळताना, आम्ही सगळे हॉलमध्ये बसलो होतो. स्वयंपाकघरातून फुग्यांच्या, म्हणजे ख्रिसमसला करतात त्या गोडसर गोळ्यांच्या, तळणाचा वास येत होता. काचेच्या दाराआड बारीक काटक्या, वर दोन समरची लाकडं, खाली आमच्याच दैनिकाचं जुनं पान चुरगळून ठेवलेलं. फ्रान्सिस पेटीसमोर उकिडवा बसला होता. फिलोमिनाने पदराची गाठ सोडावी तसं एक फडकं सोडायला घेतलं आणि ती आपणच हसायला लागली.

"ऐका ना, गंमत झाली. विमानतळावर तो पोलीस हे फडकं धरून विचारतो, ये क्या? म्हटलं, राख. म्हणतो, किसका? आता काय सांगू? म्हटलं, सासू का. हात असा काढला त्याने! मग माझ्या लक्षात आलं, त्याला वाटलं सासूच जाळून आणलीय."

सगळे हसले. मीही हसले. मग विचारलं, "पण राख कशाला आणलीस, फिलू?"

हे विचारलं तेव्हाच मला उत्तर माहीत होतं. आमच्याकडच्या गावांत रीत आहे. मुलगा वेगळा राहायला गेला की त्याच्या चुलीत पहिला विस्तव पडायच्या आधी आईच्या चुलीतली राख टाकतात, घरधनीण टाकते. पाहुणी दुसऱ्याच्या चुलीत राख टाकत नाही. माझ्या लग्नापर्यंत फ्रान्सिसच्या आईकडे गॅस आला होता. मला राख मिळाली नव्हती, मी ती रीत फक्त पाहिलेली.

"इनासनेच फोनवर सांगितलं," फिलोमिना म्हणाली. "पेटी आणलीय, पेटवायच्या आत आईकडची राख घेऊन ये. नव्या घराला हवी ना."

"नव्या?"

"म्हणजे तुम्ही जानेवारीत वादी अदाईला चाललात ना, रीटाताई? इनास म्हणाला, तुम्हाला ऑफिस जवळ पडेल." ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. "इनास? तू सांगितलंस ना यांना?"

इनास उभा राहिला, परत बसला. "वहिनी, मी बोलणारच होतो. अर्बाबने ठरवलं, घर फोरमनच्या फॅमिलीला. माझ्या हातात काही नाही. मी तुमच्यासाठी फ्लॅट बघून ठेवलाय, चांगला आहे, बाल्कनी आहे."

माझ्याबद्दलची बातमी मला त्या हॉलमध्ये सगळ्यांच्या शेवटी कळत होती. पण मी त्या क्षणी इनासकडे बघत नव्हते. एखादी नवी गोष्ट कानावर पडली की माणूस वर बघतो. हे मी पत्रकार परिषदांत अनेकदा पाहिलं आहे. ज्याला आधीच माहीत असतं, तो खाली बघतो. फ्रान्सिस पेटीखालची हवेची दांडी पुढे-मागे करत होता.

फिलोमिनाने फडक्याची गाठ परत बांधली. "मी नाही टाकत मग," ती म्हणाली.

"टाक," मी म्हटलं. "एवढ्या लांबून आणलीस."

तिने टाकली. राख फार थोडी होती, करड्या पिठासारखी. हात फडक्याला पुसून तिने काडेपेटी उचलली आणि माझ्यापुढे धरली. तिचा चेहरा लाल झाला होता. "निदान पेटवा तरी तुम्ही, ताई."

मी काडेपेटी घेतली आणि फ्रान्सिसच्या हातात दिली. "तू पेटव. तुला माहीत होतं."

त्याने काडी ओढली. आमच्या दैनिकाचं पान कडेने काळं झालं, मग काटक्यांनी पेट घेतला, मग समरने. हे मान्य करायला हवं की ती आग सुंदर होती. काचेआड ती वरवर जात होती, आवाज न करता, आणि तिचा उजेड हिरव्या फरशांवर हलत होता. मग चंदेरी टेप वितळायला लागली. ग्लासवूलमधून जळक्या डिंकासारखा वास सुटला, नवा पत्रा तापून घशाला लागणारी वाफ यायला लागली. सगळे खोकायला लागले. सगळ्या खिडक्या उघडाव्या लागल्या आणि डोंगरावरचा थंड वारा हॉलमधून वाहायला लागला. उबेसाठी केलेल्या आगीसमोर आम्ही अंगावर चादरी घेऊन बसलो.

"मम्मा," अनिता म्हणाली, "सगळे क्वाएट का हाय? आणि अंकलचा फायर बॅड स्मेल करतो."

तेवढ्यावर इनास हसला. एकटाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात मी फ्रान्सिसला विचारलं, "कधीपासून?"

"पेटी आणली तेव्हापासून."

"मग मला फरशा निवडायला कशाला नेलंस?"

"तुला आवड आहे म्हणून." तो चहाच्या कपात बघत होता. "त्याने आपल्याला इथे आणलं, रीटा. त्याला नाही कसं म्हणू? आणि तुला ख्रिसमसनंतर सांगणार होतो. सण कशाला खराब करायचा."

मी वाद घातला नाही. ते वाक्य मात्र माझ्याजवळ राहिलं. इनासने घर घेतलं, ते त्याच्या अर्बाबचं होतं आणि शब्द कागदावर नव्हता. त्याचा राग येऊन पुढे विरत गेला. फ्रान्सिसचं तसं झालं नाही. मी टॉर्च धरायची तेव्हा तो महिनाभर माझ्या शेजारी उभा होता, माझ्या प्रत्येक सूचनेला मान हलवत होता. मी ज्या घराला उंची सांगत होते ते माझं नाही, हे त्या घरात एकट्या मला माहीत नव्हतं.

जानेवारीत आम्ही इथे आलो. बाल्कनी खरंच होती. लिंबाचं आळं मागे राहिलं.

त्या पेटीचं पुढे काय झालं, ते फिलोमिनाकडून कळत गेलं. ती व्हिजिटवर आली होती, ती राहिली. चिमणीतून काळं, चिकट पाणी झिरपायला लागलं, आधी भिंतीवर, मग संगमरवरी फळीवर, मग माझ्या हिरव्या फरशांवर. लाकडाच्या धुराचं थंड होऊन डांबर होतं आणि ते पाइपातून खाली ओघळतं. म्हणून चिमणीत वरचा पाइप खालच्याच्या आत शिरायला हवा, म्हणजे ओघळ आतच राहतो. इनासने उलट केलं होतं. डक्टमध्ये हवा जाते तिकडे पाइपाचं अरुंद तोंड करतात. धूर वर जाणार, म्हणून त्याने प्रत्येक तोंड वर केलं, खालचा पाइप वरच्यात शिरवला. आयुष्यभर थंड हवा नेलेल्या माणसाने आगीसाठीही थंड हवेचाच रस्ता बांधला होता. प्रत्येक सांधा बाहेर गळत होता. दोन हिवाळ्यांनंतर त्यांनी पेटी पेटवणं सोडलं. पुढे तिच्यात, काचेच्या दाराआड, गोठा मांडायला लागले. आम्ही ख्रिसमसला जायचो तेव्हा तो दिसायचा. त्यांच्या मेंढ्यांचे सगळे पाय शाबूत होते.

जात होतो, हो. एकमेकांकडे जाणं बंद झालं नाही. परगावात गावच्या माणसांशी कायमचं भांडता येत नाही. इनास "वहिनी" म्हणायचा, मी "इनासभाऊ" म्हणायची, अनिता अंकलला केक द्यायची. त्या फरशांवरचे डाग फिलोमिना आम्ही येण्याआधी घासून ठेवायची. ते पूर्ण जात नव्हते.

गेल्या वर्षी अर्बाबने वर्कशॉप विकलं आणि इनासचं कुटुंब वसईला परत गेलं. निघण्याआधी फिलोमिना एकटी, टॅक्सी करून, आमच्याकडे आली. तिने पिशवीतून फडकं काढलं. तेच होतं की तसलं दुसरं, सांगता येणार नाही.

"पेटी साफ केली," ती म्हणाली. "खाली कोपऱ्यात एवढी उरली होती. माझ्या सासूची आहे, त्या लाकडांची आहे, तुमच्या पेपरची पण आहे. भंगारवाल्याबरोबर जाऊ द्यायला मन होईना. तुम्ही ठेवा, ताई."

मी ठेवली, स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर, चहाच्या डब्यामागे.

यंदा फ्रान्सिसने वसईच्या घराचा नकाशा आणून टेबलावर पसरला. वडिलांच्या जागेवर घर बांधायचं, पुढच्या वर्षी परत जायचं. या वेळी त्याने मला सगळं विचारलं. खिडक्या कुठे, ओटा किती उंच, दार कुठल्या बाजूला उघडायचं. मी सगळ्याला बघू म्हटलं. मग मागच्या पडवीवर बोट ठेवून तो म्हणाला, "इथे एक चूल ठेवू. भाकरीला. आणि ती अमेरातची राख आहे ना, ती टाकू तिच्यात. पहिला विस्तव तू पेटव." तो माझ्याकडे बघत होता, अगदी समोरून. त्याने हे बऱ्याच दिवसांपासून ठरवून ठेवलं असावं.

परवा, तो कामावर असताना, मी फडकं खाली काढलं. बाल्कनीत कढीपत्त्याची कुंडी आहे. थंडीत त्याची पानं पिवळी पडतात. राख मातीत मिसळली, वरून पाणी घातलं, फडकं धुऊन दोरीवर टाकलं. संध्याकाळी कुणाच्या तरी गच्चीवरून समरचा वास आला, मी सुरुवातीला लिहिलं तोच. मी खिडकी असू दे म्हटलं, आणि फ्रान्सिस वर्तमानपत्र ठेवून बाल्कनीत गेला. दोरीवरचं फडकं हातात घेऊन तो दारात आला. त्याने स्वयंपाकघरातल्या फळीकडे पाहिलं, मग कुंडीकडे.

"मला सांगायचं तरी," तो म्हणाला.

"ख्रिसमसनंतर सांगणार होते," मी म्हटलं.